मत मांडताना मध्ये बोलायचं नाही

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. सिनेमावर काही लिहावं असा माझा अधिकार नाही. मी जे परदेशी सिनेमे पाहिले ते सगळे एका जुन्या टीव्हीवर, खिडक्यांना चादरी लावून पाहिले, आणि त्यातले निम्मे मला तेव्हा कळले नाहीत. माझं इंग्रजी अजून अडखळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवून ‘बरोबर आहे का’ असं विचारावं असंही घरात कुणी नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांतल्या एकांना आता विचारता येणार नाही, आणि बाकीच्यांना विचारायचा मला धीर झालेला नाही. तरी लिहितो, कारण एक आवाज काही वर्षं माझ्या मागे होता, आणि त्यातली बरीचशी वर्षं तो मी ऐकलेलाही नव्हता.

अंबरनाथला मोरिवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमच्या समाजाचं एक विहार आहे. त्याच्या वर पत्र्याची एक लांबट खोली आहे, तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. आठवडाभर तिथं दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला बसायची. रविवारी दुपारी मात्र बाकडी भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या जायच्या आणि सिनेमा दाखवला जायचा. दाखवणारे गृहस्थ एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीत टाइमकीपर होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचो. कंपनीतल्या कुणा मित्राबरोबर ते पूर्वी एकदा मुंबईत फिल्म सोसायटीचा सिनेमा बघायला गेले होते. सिनेमा संपल्यावर लोक उठून बोलायला लागले, एकेकजण आपलं म्हणणं मांडायला लागला, ते त्यांच्या मनात बसलं. ते म्हणायचे, "सिनेमा काय, कुणीपण बघतो. आपल्याला आजवर कधी कुणी विचारलं का, तुमचं मत काय म्हणून? इथं विचारणार."

त्यामुळे आमच्याकडे सिनेमाची सभा व्हायची. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखरच सभा. आधी वंदना. मग अध्यक्षांच्या नावाची सूचना, त्याला अनुमोदन. अध्यक्ष नेहमी भाऊच, पण सूचना आणि अनुमोदन दर वेळी रीतसर व्हायचं. मग सिनेमा. मग प्रत्येकानं उभं राहून मत मांडायचं. ‘आवडला’ किंवा ‘बोअर झाला’ एवढ्यावर सुटका नव्हती. का, ते सांगावं लागायचं. शेवटी आभार, आणि त्यात दुपारभर वीज गेली नाही म्हणून वीज मंडळाचेसुद्धा. या सगळ्यात एकच नियम भाऊ कडक पाळायला लावायचे. कुणी मत मांडत असताना मध्ये बोलायचं नाही. ते मत कितीही चुकीचं वाटो, कुणाविषयीही असो, मांडणारा खाली बसेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. स्वतः भाऊंनीसुद्धा.

सिनेमे फ्रेंच, पोलिश, कधी स्वीडिश. खाली इंग्रजीत ओळी यायच्या. आमच्यातल्या बहुतेकांना त्या वाचता येत नव्हत्या, येत होत्या त्यांना तेवढ्या वेगानं येत नव्हत्या. म्हणून टीव्हीच्या बाजूला एक स्टूल असायचं. त्यावर बसून एकानं ओळ वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. टीव्हीचा आवाज बारीक ठेवलेला असायचा. म्हणजे लोक चित्र तिथलं बघायचे आणि बोलणं स्टुलावरच्याचं ऐकायचे.

माझ्याआधी त्या स्टुलावर भाऊंची मुलगी बसायची. तिला सगळे ताई म्हणायचे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी पहिल्यांदा तिथं गेलो त्याच्या काही महिने आधी ती घर सोडून गेली होती. हे मला भाऊंनी सांगितलं नाही. तिथं येणारे एक रिक्षावाले दादा होते, त्यांनी खाली टपरीवर चहा पिताना सांगितलं.

"पोरगा बदलापूर गावच्या पुढचा, शेतकऱ्याच्या घरातला. आपल्यातला नाही," दादा म्हणाले. "त्याची माणसं आली होती इथं खाली. लय बोलली. भाऊ जिन्यात उभे होते, एक शब्द नाही बोलले."

"भाऊंचा विरोध होता?"

"अरे तेच तर. हा माणूस स्टेजवर उभा राहून सांगायचा, जातीबाहेर लग्नं करा, मी स्वतः हार घेऊन येतो. आणि त्याच्याच पोरीनं न सांगता केलं. तेव्हापासून म्हणतो, मी नाही म्हटलं असतं का? मला विचारलंच नाही. घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगून ठेवलंय."

ती कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. पोराच्या घरच्यांनाही नाही, निदान ते तसं म्हणायचे. सभा तेव्हा बंदच पडली होती. ती पुन्हा सुरू करायचा हट्ट भाऊंच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, धरला. नवा वाचणारा म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं, कारण मी उल्हासनगरला कॉलेजात एफवायला होतो आणि बारावीला इंग्रजीत बरे गुण होते. मी नाही म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण आपण कुणाच्या जागेवर बसतो आहोत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. स्टुलाच्या मागे भिंतीला डोकं टेकतं तिथं तेलाचा एक डाग होता. माझं डोकं त्याच्या बरंच वर यायचं.

पहिल्या रविवारी बर्फातल्या गावाचा सिनेमा होता. एक म्हातारं जोडपं, घड्याळ बंद पडलेलं, ते दुरुस्त करणारा माणूस आज येईल, उद्या येईल. सिनेमाभर तो येत नाही. मी फार बोललो त्या दिवशी. ओळी आल्या की वाचायचोच, पण जिथं कुणी बोलत नव्हतं तिथंही मला भीती वाटायची की लोकांना कळणार नाही. म्हणून मी सांगत राहायचो, "आता ती खिडकीकडे बघतेय. आता तो बूट काढतोय."

मतं सुरू झाली तेव्हा रिक्षावाले दादा पहिले उभे राहिले. "माझं मत असं आहे की यांच्याकडे कामधंदा कमी असावा. आमच्यात घड्याळ बंद पडलं तर शेजाऱ्याला टाइम विचारतात, विषय संपला." सगळे हसले. "दुसरं मत वाचणाऱ्याबद्दल. भाऊ, याला सांगा, तो बूट काढतोय ते आम्हाला दिसतंय. ताई तिथं गप्प बसायची."

नाव नव्हे, पण निदान ‘ताई’ हा शब्द उच्चारला गेला होता, आणि तो मतात होता. भाऊ काही बोलू शकले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्याकडे हात केला, "भगिनींपैकी कुणाला मत मांडायचं असेल तर."

काकू उठल्या. पदर नीट केला. "मला हा पिक्चर आवडला. ह्यातली दोघं जेवताना एक शब्द बोलत नाहीत. आधी वाटलं, असं कुठं असतं का. मग आठवलं, आमच्या घरात आता असंच आहे." आणि खाली बसल्या.

त्या दिवशी मला काकूंनी सभेचा हट्ट का धरला ते कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. घरी त्यांना मुलीचा विषय काढता येत नव्हता. इथं, मत म्हणून, काढता येत होता, आणि भाऊंना स्वतःच्याच नियमामुळे ऐकून घ्यावं लागत होतं. काकूंना मुलगी परत यायला हवी होती. त्यासाठी भाऊंच्या तोंडून ‘ये’ एवढा शब्द चारचौघांत निघायला हवा होता. पत्ता माहीत नसला तरी त्यांची खात्री होती, की भाऊ एकदा बोलले तर ते या रिक्षावाल्याकडून त्या रिक्षावाल्याकडे, कसंही करून, तिच्यापर्यंत पोचेल. अंबरनाथ ते बदलापूर गोष्टी अशाच पोचतात.

मग दर रविवारी असं होऊ लागलं. एका सिनेमात एक शिक्षक बसमधून पाणी प्यायला उतरतो, बस थोडा वेळ थांबते आणि निघून जाते. पुढचा सगळा सिनेमा बसमधल्या बाकीच्यांचा. त्या माणसाचं काय झालं ते दाखवतच नाहीत. लोक वैतागले. एकजण म्हणाला, "सीडीच खराब असणार." भाऊंनी समारोप करताना समजावलं, "या लोकांची पद्धत आहे ही. सगळं दाखवायचं नाही. जे सुटलं ते आपण भरायचं." काकूंचं मत मात्र आधीच मांडून झालं होतं. "तो उतरला ते सगळ्यांनी बघितलं. हाक कुणी मारली नाही. मारली असती तर आला असता." भाऊ तेव्हा टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होते.

मी ओळीसुद्धा हळूहळू ताईसारख्या वाचायला लागलो. ती कशी वाचायची हे मला लोकांच्या तक्रारींतूनच कळत गेलं. ती रडायच्या ठिकाणी आवाज बदलायची नाही. ती घाई करायची नाही, ओळ निघून गेली तरी वाक्य पुरं करायची. मुलगी बापाशी बोलत असली की ‘तुम्ही’ म्हणायची. एकेक तक्रार मी ऐकली आणि तसं करत गेलो. मग तक्रारी थांबल्या. शनिवारी लेक्चर संपल्यावर मी भाऊंकडून किल्ली घ्यायचो आणि रविवारची सीडी एकटाच बघून तयारी करायचो. बंद खोली, तापलेला पत्रा, बाहेरून येणारा कंपन्यांचा उग्र वास. ओळी मोठ्यानं म्हणून बघताना कधी कधी मला वाटायचं, हा आवाज माझा नाही. मी थांबायचो. पडद्यावरची बाई ओठ हलवत राहायची, आणि तिला काय म्हणायचं आहे ते मला कुणीतरी मागून, डागापाशी बसून, सांगेल असं वाटायचं. कॉलेजच्या रस्त्यावर एखादी अनोळखी मुलगी संथ बोलताना ऐकली की मी वळून बघायचो. जिला पाहिलंच नाही तिला ओळखणार कसं, हे मला तेव्हा सुचायचं नाही.

सीड्या मी उल्हासनगरच्या एका शेठकडून आणायचो. सिंधी माणूस, दुकान बोळात, पुढं हिंदी सिनेमे आणि मागं एका खोक्यात कुणी न नेलेला माल. एकदा त्यानं माझ्यापुढं प्लास्टिकच्या एका थैलीत घातलेल्या चार सीड्या टाकल्या.

"जपानी कार्टून है, साईं. ले जा."

"शेठ, हमारे यहाँ बड़े लोग देखते हैं."

"तो ये भी बड़ों का है. मेरे लड़के ने आधा देखा, रोने लगा. बोला, पप्पा ये बच्चों का नहीं है. तेरा आर्ट वाला पिक्चर भी तो ऐसे ही कोई नहीं लेता."

जागा वाचावी म्हणून त्यानं कागदी कव्हरं टाकून दिली होती. सीड्यांवर एकच चित्र होतं, चारींवर तेच. पहिली कुठली, शेवटची कुठली, सांगता येत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "लगा के देख लेना." मीही तेच केलं. शनिवारी एक सीडी लावायची, सुरुवातीसारखी वाटली तर रविवारी तीच.

डोंगरातल्या एका गावात घंटा ओतणारा एक कारागीर आणि त्याची मुलगी. आई नाही. पहिल्या दोन रविवारी सगळं सरळ गेलं. कार्टून म्हणून नाक मुरडणारे पुढं सरकून बसले. दादांनी मत मांडलं की या चित्रातला पाऊस खऱ्या पावसापेक्षा जास्त ओला आहे. तिसऱ्या रविवारी जी सीडी लागली तिच्यात मुलगी परत येते. हातात गाठोडं, मोठी झालेली. उंबऱ्यापाशी उभी राहते. बाप भट्टीपुढं बसलेला, तो वळत नाही. बराच वेळ नुसता भट्टीचा आवाज. मग खाली ओळ आली आणि मी वाचली, "हात धू. जेवून घे." एवढंच. ती हात धुते, जेवते. तिथं ती सीडी संपते.

आता कुणीही विचारलं असतं, की ती गेली कधी? आम्ही नाही विचारलं. वर्षभर युरोपचे सिनेमे बघून आम्हाला सवय झाली होती. सगळं दाखवायचं नाही, सुटलेलं आपण भरायचं. जपान्यांनीही तसंच केलं असणार असं आम्ही धरून चाललो. एकानं तर मत मांडलं की जाणं न दाखवता येणं दाखवलं हीच यातली कला आहे, आणि भाऊंनी मान डोलावली. काकू त्या दिवशी मत मांडायला उठल्या नाहीत. नुसत्या भाऊंकडे बघत होत्या. भाऊ समारोपात म्हणाले, "पुढचं बघू, मग बोलू."

चौथ्या रविवारी उरलेली सीडी लागली. तिच्यात मुलगी घर सोडून जाते. बाप झोपलेला, ती दार बाहेरून लोटून घेते, गाठोडं काखेत.

मी शेवटची ओळ वाचली आणि चादरी काढल्या. भाऊ मतांसाठी थांबले नाहीत. नेहमी शेवटी बोलणारा माणूस, तो उभा राहिला. "बघितलंत? आली होती. पोटभर जेवली. आणि पुन्हा गेली. यापेक्षा वेगळं काय होणार होतं?"

ते बसल्यावर काकू उठल्या. "माझं मत असं आहे की सीडी उलटी लागली. ही आधीची आहे. मागची शेवटची."

"कशावरून?" भाऊ बोलून गेले. ते मध्ये बोलले होते. आम्ही सगळे चपापलो. पहिल्यांदाच असं झालं होतं.

काकूंनी बोलणं पुरं केलं. "आज घरात म्हातारं कुत्रं होतं. मागच्या वेळी ती परत आली तेव्हा कुत्रं नव्हतं. मेलं असणार. म्हणजे येणं नंतरचं."

मग सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणे कुत्रं बाहेर गेलं असेल. कुणी म्हणे केसांवरून बघा, मागच्या वेळी लांब होते. "कार्टूनमध्ये केस वाढतात होय?" दादा म्हणाले. "काढणाऱ्याच्या हातात असतं ते." भाऊ म्हणाले, "आपण जसं बघितलं तसं ते आहे. आली आणि गेली." काकू म्हणाल्या, "वाचणाऱ्याला विचारा." सगळे माझ्याकडे वळले. मला खरोखर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. सांगताना मला वाटलं, ती असती तर तिला माहीत असतं.

पुढच्या रविवारी वंदना झाली, सूचना-अनुमोदन झालं, आणि मी नवी पोलिश सीडी घालायला वाकलो तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एरवी लहान होता, त्या दिवशी मोठा लागला. "ती जपानी परत लावा. परत येते ती. शेवटी ती बघायची राहिलीय."

"अगं, बघून झालीय ती," भाऊ म्हणाले.

"आधी बघितली. शेवटी नाही बघितली."

कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "लावा भाऊ, काय जातंय." भाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी सीडी बदलली.

या वेळी मला ओळी वाचायची गरज नव्हती, पाठ होत्या. मी पडद्याकडे न बघता भाऊंकडे बघत सांगत होतो. भट्टीचा आवाज आला आणि गेला. "हात धू. जेवून घे." मुलगी जेवली. चादरी काढायला कुणी उठलं नाही, अंधारच राहू दिला. भाऊ उभे राहिले. त्यांचं ते बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं. वर्षभर दुसऱ्यांची वाक्यं धरून ठेवायची सवय लागली होती म्हणून असेल.

"अध्यक्षांनी मत मांडायचं नसतं, समारोप करायचा असतो. तरी आज मी मत मांडतो. हा बाप चुकला. त्यानं हात धू म्हटलं, जेव म्हटलं, सगळं बरोबर म्हटलं. पण तो उठला नाही. मी असतो तर भट्टी सोडून उठलो असतो. विचारलं असतं, मला का नाही सांगितलंस. रागावलोही असतो. पण आधी उठलो असतो. ती यावी असं माझं मत आहे."

ते बसले. त्या दिवशी आभार राहून गेले. काकू सतरंजी गुंडाळत होत्या, त्यांनी ती तीनदा उलगडून पुन्हा गुंडाळली.

शब्द निघाला होता. दादांनी तो बदलापूर गावातल्या ओळखीच्या रिक्षावाल्यांना सांगितला, पोराच्या चुलत्याच्या कानावर घातला. आम्ही वाट बघितली. भाऊंनी आपली खुर्ची टीव्हीसमोरून हलवून दाराकडे तोंड करून ठेवली, म्हणजे सिनेमा त्यांना तिरका दिसायचा. कुणी उशिरा आलं, जिना वाजला, की ते अर्धे उठायचे. मग ते माणूस आत येऊन चप्पल काढायचं आणि भाऊ बसायचे. मी वाचत असायचो. जिना वाजला की माझंही वाक्य मध्ये थांबायचं, आणि कुणी त्याबद्दल तक्रार केली नाही. असं बरेच महिने चाललं. ती आली नाही. मग भाऊंना रविवारची ड्यूटी असलेली वॉचमनची नोकरी लागली, टीव्ही बिघडला, मुलांच्या पालकांनी रविवारीही अभ्यासिका मागितली. सभा पुन्हा बंद झाली, या वेळी कुणी हट्ट धरला नाही.

मी बीए झालो, एमएला नाव घातलं. मागच्या हिवाळ्यात दादांचा फोन आला, की भाऊ गेले. झोपेत गेले म्हणाले. मला अंत्यविधीला पोचता आलं नाही, काही दिवसांनी गेलेल्या माणसासाठी वंदना होते त्या पुण्यानुमोदनाला गेलो. विहारात खाली कार्यक्रम होता. माणसं बरीच होती. जेवणं चालली असताना काकूंनी मला हात करून कोपऱ्यात बोलावलं. त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेली लहान मुलगी. बुटकी होती ती, माझ्या खांद्यालाही लागली नसती. काकूंनी ओळख करून दिली नाही, गरजही नव्हती.

"कालच आली वापीहून," काकू म्हणाल्या. "पेपरात आपल्यातल्या कुणीतरी छापलं होतं, त्यावरून कळलं हिला. तू सांग हिला, हे काय बोलले होते ते. मी सांगते तर हिला वाटतं, आई आपल्या मनचं सांगतेय. तू वाचणारा. जसंच्या तसं सांग."

मी खाली बसलो. मी भाऊंचं मत पहिल्या शब्दापासून सांगितलं, अध्यक्षांनी मत मांडायचं नसतं इथून, ती यावी असं माझं मत आहे इथपर्यंत. आवाज बदलला नाही. घाई केली नाही. ती झोपलेल्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत ऐकत होती.

"हे कुठल्या सिनेमानंतर?" तिनं विचारलं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. संथ होता, वाक्य संपल्यावर जरा थांबणारा.

मी सांगितलं. घंटा ओतणारा, त्याची मुलगी, ती परत येते ते. तो दुसऱ्यांदा लावला तो रविवार.

काकू कुणाला तरी भात हवा का विचारायला उठल्या होत्या. मग ती अगदी साध्या आवाजात बोलायला लागली, जणू समोर खाली ओळ येते आहे आणि तेवढीच सांगायची आहे.

"मी आले होते तेव्हा. रविवार म्हणजे बाबा वर असणार, म्हणून घरी न जाता इकडेच आले. जिना चढून दाराशी थांबले. आई मोठ्यानं म्हणत होती, परत लावा, परत येते ती. मला हसू आलं. म्हटलं, संपला की आत जाऊ. मग तुम्ही वाचायला लागलात. मी पायरीवर बसून ऐकलं. चांगलं वाचत होतात, माझ्यासारखंच. हात धू, जेवून घे इथपर्यंत ऐकलं. म्हटलं, माझ्या जागेवर आता कुणीतरी आहे, यांचं नीट चाललंय. आणि मतं सुरू व्हायच्या आधी, जिना वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन, खाली उतरले."